डच निसर्गचित्रांतला उजेड: आकाशाचा किती, चित्रकाराचा किती?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून द हेगजवळ राहता, सुट्टीच्या दिवशी तिथले मॉरित्सहाउस आणि अ‍ॅम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम ही चित्रसंग्रहालये पाहता, आणि गेल्या हिवाळ्यापासून तैलरंगांत निसर्गचित्रे करून पाहत आहात. सतराव्या शतकातल्या चित्रांमधला तो सोनेरी, खोल उजेड आपल्याला आगगाडीच्या खिडकीतून कधीच दिसत नाही. खाली एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर एक राखाडी पट्टी, एवढेच दिसते, आणि कॅनव्हासवरही तेवढेच उतरते. म्हणून आपण विचारले आहे की हा उजेड त्या काळी खरोखर तसा होता का. आणि त्याच चित्रांतले खेडे इतके निवांत कसे, तिथे घाम गाळणारा कोणी का दिसत नाही.

हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे मांडले आहेत, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते एकाच गाठीची दोन टोके आहेत. उजेड हवेत तयार असतो आणि चित्रकार तो फक्त उचलून आणतो, असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात उजेड कुठे पाडायचा आणि कुठे अडवायचा हे ही मंडळी ठरवत असत, आणि त्यांच्यातल्या अव्वल चित्रकारांनी तो वारंवार अशा जागी पाडला आहे जिथे त्या मुलखाची कमाई होती: वाळत घातलेल्या कापडावर, गायीच्या पाठीवर, नदीतल्या शिडावर. उजेडाचा अभ्यास करता करता आपण त्यांच्या खेड्यापर्यंत पोचतो, ते या वाटेने.

मी कलेतिहासकार नाही. गेली तीस वर्षे मी निसर्गचित्रे करतो, तैलरंगाचे तंत्र शिकवतो, आणि यांतल्या काही चित्रांच्या अभ्यास-प्रती संग्रहालयात इझल लावून केल्या आहेत; म्हणून माझे उत्तर रंग कालवणाऱ्याचे आहे. शिवाय बरेच काही चित्रकारावर, दशकावर आणि चित्राच्या आजच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ‘डच उजेड’ या एकाच नावाखाली आपण निदान चार वेगळ्या गोष्टी एकत्र पाहत आहात, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आधी आकाशाचा वाटा पाहू, कारण तो आहेच. आपण राहता तो भाग 52 अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे 48 अंशांवर असतो. आपल्याकडे लँडस्केप करायला निघालेले विद्यार्थी सकाळी दहानंतर सावली गेली म्हणून सामान आवरतात, कारण ऊन डोक्यावरून पडू लागले की वस्तूंची घडण सपाट होते. तिथे हिवाळ्याच्या दिवसांत ऊन दिवसभर बाजूने येते आणि प्रत्येक बांध, प्रत्येक कुंपण लांब सावली टाकते. त्यात समुद्राकडून येणारी दमट हवा दूरच्या कडा मऊ करते आणि शेताशेतांमधले पाण्याचे चर आकाश खालूनही परत पाठवतात. तेव्हा कच्चा माल निराळा आहे, हे कबूल करायला हवे.

या कच्च्या मालावरच सगळे श्रेय टाकणारे लोकही आहेत. जर्मन कलावंत योझेफ बॉइस याचे म्हणणे होते की झाउडरझी हा समुद्राचा फाटा बंद करून त्यातून जमीन काढली गेली आणि त्या पाण्याच्या आरशाबरोबर डच उजेडाची चमकही गेली. तो फाटा 1932 मध्ये बांध घालून बंद झाला आणि पुढे त्याच्या मोठ्या भागातले पाणी उपसून शेते झाली, ही गोष्ट खरी आहे. कल्पना मोहक आहे, पण मला ती पटत नाही, आणि न पटण्याचे कारण चित्रांतच आहे.

राइक्सम्युझियममध्ये हेंड्रिक आव्हरकांपचे बर्फावर घसरणाऱ्या माणसांचे चित्र आपण पाहिलेच असेल. ते सुमारे 1608 चे आहे. त्याची क्षितिजरेषा किती वर आहे ते आठवा. जणू गच्चीवरून पाहावे तसा गोठलेला ओढा आपल्यासमोर पसरलेला आहे, त्यावर शेकडो माणसे विखुरली आहेत आणि आकाशाला वरचा थोडासा भागच मिळाला आहे. आता त्याच संग्रहालयातले यान फान होयनचे दोन ओक वृक्षांचे चित्र घ्या, ते 1641 चे. क्षितिज खाली घसरले आहे, चित्राचा मोठा भाग आकाशाने व्यापला आहे आणि माणसे त्या वठलेल्या झाडांच्या पायथ्याशी दोन ठिपक्यांएवढी उरली आहेत. मधल्या तीसेक वर्षांत नेदरलँड्सचे आकाश बदलले नव्हते. आव्हरकांप उंचावरून पाहण्याची जुनी फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमकडची) रीत चालवत होता; फान होयनचा गुरू एसायस फान डे फेल्डे आणि हार्लेमचे त्याचे समकालीन यांनी चित्रकाराला जमिनीवर उतरवले, म्हणजे नजर रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या उंचीवर आणली. सपाट मुलखात ती तेवढ्यावर आणली आणि चौकट वर सरकवली की आकाश आपोआप आत येते. आपल्या कॅनव्हासवर क्षितिज बहुधा बरोबर मध्यभागी येत असणार. प्रश्न वाचताना मला तरी तसे वाटले. हिरवी पट्टी आणि राखाडी पट्टी समसमान झाल्या की चित्र कोणाचे, जमिनीचे की आकाशाचे, हेच ठरत नाही.

यापेक्षा मोठी अडचण आहे ती अंतराची. जिथे टेकडी नाही, दरी नाही, एकामागे एक डोंगररांगा नाहीत, तिथे ‘लांब’ कसे दाखवायचे? सह्याद्रीत काम करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण रांगांवर रांगा फिकट होत जातात आणि अंतर फुकट मिळते. सपाट जमिनीवर ते ढगांच्या सावल्यांकडून विकत घ्यावे लागते, आणि हा व्यवहार याकोब फान राउसडालइतका चोख कोणीच केला नाही.

मॉरित्सहाउसमधले त्याचे हार्लेमचे दृश्य आपल्या घरापासून फार लांब नाही. 1670 ते 1675 च्या दरम्यानचे हे चित्र उंचीला अवघे 55 सेंटिमीटर आहे आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग आकाश आहे. खालच्या तिसऱ्या भागात काय केले आहे ते नीट पाहावे. अगदी पुढची वाळूच्या टेकाडाची पट्टी ढगाच्या सावलीत आहे, तिच्यामागे उजळ पट्टी, मग झाडीची गडद पट्टी, मग पुन्हा उजेडाची एक बारीक रेघ, आणि शेवटी क्षितिजावर सेंट बाव्हो चर्चचा ठोकळा. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा अरुंद आहे. डोळा अंधारातून उजेडात, उजेडातून अंधारात असा उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला त्याला कोसभर गेल्यासारखे वाटते. हे मला वर्षानुवर्षे पाहूनही कळले नव्हते. प्रत करायला बसलो आणि पट्ट्यांची रुंदी मोजावी लागली तेव्हा कळले. आणखी एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात आली की ढगांच्या सावल्यांची ही मांडणी अशक्य मुळीच नाही, वाऱ्याच्या दिवशी ती दिसते. पण ती इतकी नेमकी बसायला दिवसभर वाट पाहावी लागेल आणि बसली तरी मिनिटभरात मोडेल. चित्रकारांनी बाहेर रेखाटने केली आणि रंगकाम शहरातल्या कार्यशाळेत केले. मनासारखा ढग तिथेच मनासारख्या जागी थांबवता येतो. याच राउसडालने जर्मन हद्दीतला बेंटहाइमचा किल्ला रंगवताना त्याची साधी टेकडी चांगली डोंगराएवढी उंच करून टाकली होती, तेव्हा ढग हलवायला तो कचरला असेल असे मानायचे कारण नाही.

आता त्या चित्रातली सर्वांत उजळ पट्टी कोणती? आकाशाखाली जमिनीवर जिथे ऊन पडले आहे तिथे पांढऱ्या लांब रेघा आहेत. त्या लिनन कापडाच्या आहेत. हार्लेमचा हा मोठा धंदा होता. परगावाहून, परदेशांतूनही आलेले कोरे कापड तिथे क्षारपाण्यात आणि ताकात पुन्हा पुन्हा भिजवून, वाळूच्या टेकड्यांलगतच्या गवतावर उन्हात पसरून, कित्येक आठवडे ओले ठेवून पांढरेशुभ्र केले जाई. टेकड्यांमधून झिरपणारे स्वच्छ पाणी हे त्या गावाचे भांडवल होते. राउसडालने आकाशात इतका खटाटोप करून जे एक भोक पाडले, त्यातून येणारे ऊन शेवटी या कापडावर टाकले आहे. चित्रात माणसे आहेत, काम करतही आहेत, पण मुंगीएवढी. घाम दिसावा इतकी जवळ ती कधी येत नाहीत. तेव्हा ‘श्रम दिसत नाहीत’ हे आपले निरीक्षण मी थोडे दुरुस्त करीन: श्रमाचे फळ उजेडात आहे आणि श्रम करणारा लांब उभा आहे.

हीच गोष्ट गायींची. आपल्याला हवा असलेला तो सोनेरी उजेड बहुतेक करून आल्बर्ट काउपचा आहे. राइक्सम्युझियममधले त्याचे घोडेस्वारांचे नदीकाठचे चित्र आपल्या मनात असावे असा माझा तर्क आहे. काउप 1620 मध्ये डॉर्ड्रेख्टला जन्मला, तिथेच 1691 मध्ये वारला आणि इटलीला गेल्याची त्याची नोंद नाही. गेला होता तो उट्रेख्टचा यान बोथ. रोमच्या आसपासच्या संध्याकाळचा मधाळ उजेड त्याने 1640 च्या सुमारास परत येताना सोबत आणला आणि काउपने तो त्याच्या चित्रांतून उचलला. म्हणजे ज्याला आपण आगगाडीच्या खिडकीत शोधत आहात तो उजेड मुळात तिथला नव्हताच, तो उसनवारीचा आहे! मात्र काउपने तो उसना उजेड पाडला कशावर, तर मास नदीकाठच्या अगदी स्थानिक, गलेलठ्ठ दुभत्या गायींवर. सूर्य त्यांच्या मागे ठेवायचा, अंग गडद ठेवायचे आणि पाठीच्या कण्यावरून पिवळसर पांढऱ्या रंगाची एक जाड रेघ ओढायची, ही त्याची आवडती युक्ती. त्या गायी तिथे शोभेला नाहीत. दलदलीच्या जमिनीतले पाणी काढत गेल्यावर ती खचत जाते आणि धान्याला निकामी होते, पण तिच्यावर गवत उत्तम येते. धान्य बाल्टिक समुद्राकडून जहाजांनी आणायचे आणि आपल्या कुरणांवर लोणी-चीज काढायचे, असे त्या देशाचे गणित बसले होते. 1647 मध्ये पाउलस पॉटरने सव्वातीन मीटरहून रुंद कॅनव्हासवर एक तरणा बैल रंगवला, अंगावर घोंघावणाऱ्या माश्यांसकट. एवढा मोठा आकार एरवी राजे आणि देवादिकांसाठी राखलेला असे. (जाता जाता: त्या बैलात वेगवेगळ्या वयांच्या जनावरांचे अवयव जोडलेले आहेत. वास्तववाद हा शब्द सतराव्या शतकासाठी जपूनच वापरावा.)

चित्रांतल्या रंगाविषयी आणखी एक सावधगिरी, कारण इथे नवशिके हमखास फसतात आणि मीही फसलो होतो. विशीत मी छापील पुस्तकातून राउसडालची एक प्रत केली आणि तिच्यावर उत्साहाने तपकिरी रंगाचे दोन हात ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, चढवले, ‘जुना उजेड’ यावा म्हणून. माझ्या शिक्षकांनी ती पाहून एवढेच विचारले की हे चित्र राउसडालचे केले की त्याच्यावरच्या वॉर्निशचे. नैसर्गिक राळेचे वॉर्निश काही दशकांत पिवळे आणि मग तपकिरी होते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्रांचे पवनचक्कीचे प्रसिद्ध चित्र आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्यावरचे जुने वॉर्निश काढल्यावर, पिढ्यान् पिढ्या ज्या सोनेरी काळोखाची लोकांनी वाखाणणी केली होती, त्यातले बरेचसे बोळ्याबरोबर निघून आले आणि खाली निळसर आकाश सापडले. रंगांचेही तसेच आहे. त्या काळचा स्वस्त निळा रंग म्हणजे स्माल्ट, कोबाल्टने रंगवलेल्या काचेची पूड. तेलात तो कालांतराने राखाडी पडतो, आणि काही आकाशे आज आहेत त्यापेक्षा मुळात निळी होती. उलट वनस्पतींपासून काढलेले पिवळे रंग उडून जातात आणि हिरवी पाने निळसर दिसू लागतात. तेव्हा भिंतीवरून छटा जशीच्या तशी उचलू नका. गडद आणि फिकटाची मांडणी मात्र निर्धास्तपणे उचला, कारण रंग उतरले तरी ती बरीचशी शाबूत राहते.

फान होयनचा तपकिरीपणा मात्र बराचसा त्याचा स्वतःचा आहे. तो ओकच्या फळीवर पातळ रंग लावी, काही ठिकाणी इतका पातळ की लाकडाच्या रेषा आरपार दिसतात आणि त्या रेषाच हवेसारख्या काम करतात. ऑकर (पिवळसर मातीचा रंग), अंबर (गडद तपकिरी मातीचा रंग), पांढरा आणि किंचित हिरवा-राखाडी, एवढ्या मोजक्या रंगांत ओल्यावर ओले काम करून तो चित्र झपाट्याने हातावेगळे करी. त्याच्या नावावर हजाराहून जास्त चित्रे आहेत. ही शैली हवामानातून आली तशी बाजारातूनही आली, कारण चित्रे राजदरबारासाठी होत नसून खुल्या बाजारात विकली जात. इंग्रज प्रवासी जॉन एव्हलिन 1641 मध्ये रॉटरडॅमच्या जत्रेत चित्रांचे ढीग पाहून थक्क झाला होता, आणि त्यांत निसर्गचित्रेही होती. स्वस्त चित्र जलद करावे लागते, जलद करायचे तर रंग थोडे हवेत. हिशेब इतका करूनही फान होयनने ट्यूलिपच्या सट्ट्यात हात पोळले आणि 1656 मध्ये तो कर्ज ठेवूनच गेला.

घेणाऱ्यांकडे वळल्याशिवाय आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. एव्हलिनच्या मते शेतकरीसुद्धा चित्रे घेत असत, आणि काही घेतही असतील. पण मोठा गिऱ्हाईकवर्ग शहरातला होता आणि चित्रकारही शहरातच राहत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या धनिकांनी पैसा घालून 1612 मध्ये बेमस्टर नावाचे अख्खे तळे 43 पवनचक्क्यांनी उपसून कोरडे केले आणि त्यावर फूटपट्टीने आखल्यासारखे चौकोनी रस्ते, चर आणि शेते बसवली. त्या शतकातली ही सर्वांत नवलाची खेडी, पण निसर्गचित्रांत ती शोधून पाहा. सापडतात ती जुनी वाळूची टेकाडे, चाकोऱ्यांनी वेडावाकडा झालेला रस्ता, कललेली झोपडी, शेवाळलेले लाकडी कुंपण. ज्याचा पैसा नव्या सरळ शेतात गुंतलेला होता त्याला भिंतीवर मात्र जुने वाकडे खेडे हवे होते. आपल्याकडच्या सदनिकांच्या दिवाणखान्यांत बैलगाडीचे चित्र लावतात, तोच मोह. स्पेनशी 1648 पर्यंत चाललेल्या युद्धाची झळही या चित्रांतल्या वाटांना फारशी लागलेली दिसत नाही.

घाम पाहायचा असेल तर दोनशे वर्षे पुढे यावे लागेल, आणि त्यासाठीही आपल्याला गाव सोडायची गरज नाही. द हेगमध्येच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योझेफ इस्राएल्स, अँटोन माउव्ह, वाइसेनब्रुख आणि मारिस बंधू यांनी आपल्या खिडकीत दिसतो तोच राखाडी उजेड जसाच्या तसा स्वीकारला. त्यांच्या संप्रदायाला समकालीनांनी ‘राखाडी’ असेच नाव ठेवले होते. तोवर नळीतले रंग आले होते, इझल घेऊन बांधावर बसणे सोपे झाले होते. माउव्हची मेंढरे ढगाळ दिवसाच्या उजेडात चालतात आणि त्यांच्यामागचा मेंढपाळ खरोखर दमलेला दिसतो. 1881 च्या अखेरीस माउव्हकडे काही आठवडे शिकून गेलेल्या त्याच्या एका नातलगाने 1885 मध्ये न्यूनेन गावी बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब दिव्याच्या उजेडात रंगवले. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या त्या चित्रात उजेड प्रथमच हातांवर पडला आहे, ज्या हातांनी बटाटे खणले त्यांच्यावर. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे सुटते.

आता आपल्या कामाविषयी. महिनाभर निळा रंग पेटीत ठेवू नका. छोट्या फळीवर ऑकर आणि अंबरचा पातळ हात देऊन वाळू द्या, आणि फक्त अंबर, ऑकर व पांढरा घेऊन पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर वाऱ्याच्या, तुटक ढगांच्या दिवशी जा. क्षितिज खालच्या चौथ्या भागात ठेवा. आकाश आधी करा, कारण जमिनीचा उजेड त्याच्याकडूनच येणार आहे. मग ब्रश खाली ठेवून वीस मिनिटे नुसती ढगांची सावली शेतांवरून कशी सरकते ते पाहा, आणि उजेडाची एकच पट्टी निवडा. ती कशावर पडावी हे तिथे उभे राहून ठरवा: हरितगृहांच्या काचांवर, गायींवर, की दूरच्या महामार्गावरच्या ट्रकांवर, आज त्या मुलखाची कमाई कशात आहे ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढची जमीन सावलीत टाका, मग ती प्रत्यक्षात उन्हात असली तरी चालेल.

हे करण्यापूर्वी एकदा मॉरित्सहाउसमध्ये राउसडालच्या त्या चित्रासमोर चार पावले मागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि हात लांब करून कापडाची उजळ पट्टी बोटाआड झाका. मग बोट काढा.